वाशिष्ठी काय काय घेऊन येते

चिपळूणहून दाभोळच्या खाडीकडे जायचे तीन रस्ते आहेत. एक खेड-दापोलीवरून, वळणावळणाचा आणि वेळखाऊ. दुसरा गुहागरच्या रस्त्याने शृंगारतळीपर्यंत, तिथून धोपाव्याला उतरून फेरीबोटीने पलीकडे. तिसरा रस्ता वाशिष्ठी नदीचा. एके काळी गलबते आणि मचवे खाडीतून वर चढून गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत माल आणत असत. आता या रस्त्याने माणसे फारशी जात नाहीत. आपल्या स्वयंपाकघरातून बाहेर पडलेल्या पिशव्या मात्र रोज जातात, आणि त्यांना तिकीट काढावे लागत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी दुसऱ्या रस्त्याने गेले. माझी खाला दाभोळहून थोडे आत, खाडीकाठच्या एका मोहल्ल्यात राहते. तिच्या नातवाचे लग्न डिसेंबरात आहे. निकाह मुलीकडे, वलीमा आपल्याकडे, पाहुणे चारशेच्या घरात. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. पण आमच्या खानदानात शिक्षिका म्हणजे हिशेबाला पक्की असा समज असल्यामुळे वलीम्याची यादी करायला मला बोलावणे आले होते.

निघण्यापूर्वी चिपळूणचे थोडे सांगायला हवे, कारण खाडीची गोष्ट तिथूनच सुरू होते. वाशिष्ठी सह्याद्रीत उगम पावते आणि अवघ्या काही मैलांत समुद्राला मिळते. कोयनेचे पाणी वीज तयार करून झाल्यावर हिच्यात सोडले जाते, म्हणून ऐन उन्हाळ्यातही ही नदी वाहती असते. गावाच्या मधून शिव नदी येऊन तिला मिळते. पुढे खेडची जगबुडी येते. म्हणजे चिपळूण आणि खेड या दोन्ही गावांची घरे, हॉटेले, बाजार यांतून नाल्यात जे पडते, ते शेवटी एकाच खाडीत उतरते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या मुलखात नाल्यात पडलेली वस्तू नाल्यात राहत नाही. पहिल्या मोठ्या सरीत ती पुढे जाते, आणि आपल्याला वाटते, चला, गटार साफ झाले.

२२ जुलै २०२१ चा महापूर ज्यांनी पाहिला त्यांना हे समजावून सांगायला नको. पाणी ओसरल्यावर झाडांच्या फांद्यांत, विजेच्या तारांवर, खिडक्यांच्या गजांत पिशव्या अडकून राहिल्या होत्या. पाणी कुठवर चढले होते ते पिशव्यांच्या रांगेवरून सांगता येत होते. नंतर फांद्यांवरच्या त्या पिशव्याही हळूहळू फाटून उडून गेल्या. कुठे गेल्या, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही. घरातला चिखल उपसायचा होता.

शृंगारतळीला एस.टी.तून उतरले तेव्हा दहा वाजले होते. हे नाक्याचे गाव. आसपासच्या सगळ्या वाड्यांचा किराणा, कपडा, भांडी इथूनच जातात. एका दुकानात लग्नसराईचे सामान मांडले होते. त्यात प्लास्टिकच्या दस्तरखानाचे रोल होते, फुलाफुलांच्या नक्षीचे. टेबलावर किंवा जमिनीवर उलगडायचा, लागेल तेवढा फाडायचा, जेवण झाले की ताटे, हाडे, उरलेला भात सगळे त्यातच गुंडाळून टाकून द्यायचे. वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी तो येऊन गेला असेल. सोयीचा आहे यात वाद नाही. रमजानमध्ये इफ्तारला, अकीक्याला, आता तर चार पाहुणे आले तरी घरोघरी तो अंथरला जातो. दुकानदाराने विचारले, "आपा, किती देऊ?" मी म्हटले, अजून यादी व्हायची आहे.

धोपाव्याच्या जेट्टीवर बोट यायला वेळ होता. समोर दाभोळ दिसत होते. पाण्याच्या काठाशी असलेली आदिलशाही काळातली मशीद, लोक जिला अंडा मशीद म्हणतात, तिचा घुमट उन्हात पांढरा झाला होता. आज लहानसे वाटणारे हे बंदर एके काळी अरबस्तान आणि इराणशी व्यापार करत होते. अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात बहमनी राज्यात फिरून इथूनच परतीच्या जहाजात बसला होता. (जाता जाता: ज्याला सगळा देश दाभोळचा वीज प्रकल्प म्हणून ओळखतो तो दाभोळला नाही, अलीकडे गुहागर तालुक्यात आहे. आमच्या दाभोळकर नातलगांचे म्हणणे असे की नाव आमचे आणि वीज दुसऱ्यांची.)

बोटीतून खाडीकडे पाहिले तर पाणी स्वच्छच दिसते. भरतीच्या वेळी खाडी आपले सगळे झाकून ठेवते. खालाच्या मोहल्ल्यात पोचले तेव्हा ओहोटी लागली होती, म्हणून मला ते दिसले.

मोहल्ल्याच्या मागे माडांच्या रांगा आहेत, त्यापुढे बांध आणि बांधापलीकडे कांदळवन. तिवराची मुळे चिखलातून बोटांसारखी वर येतात; त्या मुळांनीच ते झाड श्वास घेते. त्या बोटांवर पिशव्या घातलेल्या होत्या. एकावर एक, चिखलाने माखलेल्या, काही अर्ध्या गाडल्या गेलेल्या. लांबून पाहिले तर जाळी टाकल्यासारखे वाटत होते. खालाचा धाकटा नातू म्हणाला, "हे दर भरतीला येतं. आम्ही नाही टाकलं." त्याचे म्हणणे सगळे खरे नव्हते, पण बरेचसे खरे होते.

शिक्षिकेची सवय सुटत नाही. दुसऱ्या दिवशी ओहोटीला मोहल्ल्यातली सात-आठ मुले घेऊन मी बांधावर गेले. हातात काठ्या, पायात जुन्या चपला. दोन पोती भरली आणि अंगणात रिकामी करून मुलांना वर्गवारी करायला सांगितली. चपला, औषधांच्या बाटल्या, जाळ्यांचे तुकडे आणि दोर एका बाजूला काढले. तो ढीग लहान निघाला. बाकी सगळे जेवणाखाण्यातले. दुधाच्या पिशव्या, गोडेतेलाच्या पिशव्या, बिस्किटांचे कागद, नूडल्सची पाकिटे, वेफर्स, पाच रुपयांच्या मसाल्याच्या पुड्या, सॉसच्या पुड्या, पाण्याचे बंद ग्लास, आइस्क्रीमचे चमचे, मटणाच्या काळ्या पिशव्या. एका पिशवीवर चिपळूणच्या एका मिठाईच्या दुकानाचे नाव अजून वाचता येत होते. ते दुकान माझ्या घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे.

मुलांना वाटले होते, सर्वांत मोठा ढीग दुधाच्या पिशव्यांचा असेल. तसे नव्हते. सर्वांत मोठा ढीग छोट्या, चकचकीत पुड्यांचा होता. यामागे कारण आहे आणि ते घरातल्या बाईने समजून घेण्यासारखे आहे. दुधाची पिशवी एकाच प्रकारच्या प्लास्टिकची असते. धुऊन वाळवली तर भंगारवाला ती घेतो, कारण ती वितळवून पुन्हा वापरता येते. वेफर्सची किंवा मसाल्याची पुडी मात्र थरांची असते. प्लास्टिक, त्यावर धातूचा पातळ मुलामा, पुन्हा प्लास्टिक. हे थर सुटे करता येत नाहीत, म्हणून तिला भाव नाही. जिला भाव नाही ती कुणी वेचत नाही, आणि जी कुणी वेचत नाही ती खाडीत येते. शिवाय पुडी जितकी लहान तितके आतल्या जिन्नसाच्या मानाने वेष्टन जास्त. एक किलोच्या पाकिटाऐवजी तेवढाच माल पाच रुपयांच्या पुड्यांतून घेतला तर त्याचे वेष्टन कितीतरी पटीने वाढते.

इथे एक गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. रोजची मजुरी रोज घरी येते, त्या घराला पाच रुपयांचीच पुडी परवडते. तिला बोल लावू नये. जिच्या घरी महिन्याचा किराणा एकदम भरला जातो, तिने पुडीच्या दांडीकडे हात नेला तर तिला विचारावे.

खालाची सून, माझी भाभी, ओहोटीला कालवे काढायला जाते. हातात कोयती, कमरेला टोपली. खडकाला चिकटलेले कालव फोडून आतला मऊ गर काढायचा. तासाभरात एका वेळच्या कालवणापुरते होते. ती म्हणाली, "पूर्वी हात घातला की कालव लागायचं. आता आधी पिशवी लागते." कोळंबीची आणि बोयीची पिल्ले याच तिवरांच्या मुळांत वाढतात. मुळांवर पिशव्यांचा थर बसला की त्यांना श्वास घेता येत नाही, झाडे वाळतात, आणि पिल्लांची जागा जाते. भाईजानच्या जाळ्यात मासळीबरोबर पिशव्या येतात. त्या सोडवता सोडवता जाळे फाटते. हे मी कुठल्या अहवालात वाचलेले नाही, ओट्यावर बसून त्याला जाळे शिवताना पाहिले आहे. शहरात आपण संध्याकाळी जे पाकीट फोडून टाकून देतो, ते त्याच्या रात्रीच्या जेवणातून काहीतरी काढून घेते. अंतर बरेच असले तरी हिशेब सरळ आहे.

आता मोहल्ल्याचे स्वतःचे. खालाच्या घरापर्यंत घंटागाडी येऊ शकत नाही, पाणंद तेवढी रुंद नाही. मग घरात आलेल्या पिशव्यांचे काय होते? सकाळी फजरनंतर मी न्हाणीघराकडे गेले तर भाभी आंघोळीच्या पाण्याची चूल पेटवत होती. पावसाळ्यानंतर लाकडे अजून दमट. तिने दुधाची पिशवी घेतली, काडी लावली, थेंब थेंब जळत ती खाली पडली आणि वरची लाकडे धरली. काळा धूर, नाकाला झोंबणारा. कोकणातल्या किती घरांत दिवस असा सुरू होतो हे मला सांगायची गरज नाही. पिशवी संपते, चूल पेटते, रॉकेल लागत नाही. बाईच्या दृष्टीने तीन कामे एका काडीत होतात.

पण चुलीच्या मंद आगीत प्लास्टिक पुरते जळत नाही. काजळी होते, कार्बन मोनॉक्साइड निघतो. कुठली पिशवी कशाची आहे हे आपल्याला कळत नसते. ज्या प्लास्टिकमध्ये क्लोरीन असते ते जळले तर डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये धुरात येतात. हा धूर सर्वांत आधी कुणाच्या छातीत जातो? जी वाकून फुंकर घालते तिच्या. घनकचऱ्याच्या नियमांनी कचरा उघड्यावर जाळायला मनाई केली आहे, पण न्हाणीघरात कोण पाहायला येतो! भाभीला मी नियम सांगितला नाही. खालाने परस्पर सांगितले, "मागे माडाखाली सोडणं पडलीत ढीगभर, चुडतं पडलीत. पत्र्याखाली रचून ठेव, कोरडी राहतील. आमच्या वेळी प्लास्टिक कुठं होतं, चूल पेटत नव्हती का?" खाला घरात कोकणीत बोलते, मी इथे साध्या मराठीत लिहिते आहे, त्यामुळे तिच्या बोलण्याची अर्धी धार गेली. भाभी हसली. त्या दुपारी भाईजानने नारळाची सोडणे आत आणून रचली. एवढ्याने सवय मोडेल असे मी म्हणत नाही. पाऊस सुरू झाला की खरी परीक्षा.

खालाचे स्वयंपाकघर मात्र पाहण्यासारखे आहे. भिंतीला लागून चिनी मातीच्या तीन बरण्या. एकीत वर्षाचा मसाला, दुसरीत मीठ, तिसरीत आमसुले. मे महिन्यात मिरच्या वाळवून, धणे, हळकुंड आणि बाकीचे जिन्नस भाजून डंकावर कुटून आणायचे, वर हिंगाचा खडा ठेवून दादरा बांधायचा. दहा-बारा महिने तो मसाला पुरतो. सोडे आणि सुकट पत्र्याच्या डब्यात. तांदूळ पिंपात. सणाला पातोळ्या होतात त्या हळदीच्या पानात. पूर्वी मटण सागाच्या पानात बांधून मिळायचे, मासळी टोपलीतून दारात यायची आणि सुपात उतरायची, तेलाला बाटली घेऊन जावे लागायचे. खालाच्या लहानपणी जेवण घरात यायचे ते एक तर पानात किंवा आपल्याच भांड्यात. टाकण्यासारखे जे उरायचे ते बकरी खायची.

तो काळ परत आणा, असे म्हणणारी मी नाही. त्या काळात पाणी विहिरीवरून डोक्यावर यायचे, आणि दमट हवेत पापड आठ दिवसांत मऊ पडायचे. आमच्या कोकणात घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीने बायकांचे कष्ट खरोखर वाचवले आहेत. माझ्या घरी पंधरा वर्षे जुन्या बरण्या आहेत आणि त्या फुटेपर्यंत वापरणार आहे. भांडण वर्षानुवर्षे वापरायच्या बरणीशी नाही, पाच मिनिटे वापरून टाकायच्या पुडीशी आहे.

मी चिपळूणला काय करते ते सांगते, कारण खालाने तेच विचारले. मासळी आणि मटणाला स्टीलचे झाकणाचे डबे. बाजाराच्या पिशवीत ते कायम असतात. खाटकाला आधी रिकाम्या डब्याचे वजन करायला सांगायचे, म्हणजे कुणाच्या मनात शंका राहत नाही. कोळणी तर खूश होतात. त्यांना पिशव्या विकत आणाव्या लागतात. तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा आम्ही दोन घरांत मिळून घेतो. रिकामा झाला की झाकण बसवून त्यात तांदूळ. दुधाला गवळी मिळाला तर किटली, नाही तर अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्यांऐवजी एक लिटरची एक. रोज दोन म्हणजे वर्षाला ७३० पिशव्या, रोज एक म्हणजे ३६५, दूध तेवढेच. पिशवीचा कोपरा पुरता कापायचा नाही, चीर द्यायची आणि तुकडा लोंबता ठेवायचा. तो इवलासा त्रिकोण सुटला की तो मोरीतून थेट नाल्यात जातो, भंगारवाल्याच्या हाती कधीच लागत नाही. पिशव्या धुऊन खिडकीच्या दोरीवर वाळत घालायच्या. शेजारणी हसतात. हसू देत. महिन्याची जुडी भंगारात जाते, चार पैसे मुलीच्या गल्ल्यात.

मुलांचा डबा सर्वांत अवघड. माझ्या वर्गात मधल्या सुट्टीनंतर जी केरसुणी फिरते तिच्यात वेफर्सची पाकिटे असतात. चिवडा, शेंगदाण्याचे लाडू, घावन, उकडलेले रताळे हे सगळे सांगून झाले. मुलांना चकचकीत पाकीट हवे असते कारण शेजारच्या बाकावर ते असते. एका घराने ठरवून हे होत नाही. पालकांच्या सभेत ठरले तर होते. आमच्याकडे आठवड्यातून एक दिवस पाकीटमुक्त डबा ठरला आहे. एकच दिवस. त्या दिवशी केर कमी निघतो, हे मुलांनी स्वतः मोजून फळ्यावर लिहिले.

कायदा आहेच. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ ला अधिसूचना काढून प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोलची ताटे, प्लास्टिकचे पेले यांवर बंदी आणली. पहिल्याच गुन्ह्याला ५,००० रुपये दंड. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या ताटे, पेले, चमचे, स्ट्रॉ अशा वस्तूंवर देशभर बंदी आहे. दुधाच्या पिशवीवर परत घेण्याची किंमत छापावी, असेही २०१८ च्या अधिसूचनेत होते. पण कारखान्यातून भरून येणारे बिस्किटाचे, तेलाचे, मसाल्याचे वेष्टन बंदीच्या बाहेर आहे. अंगणातल्या ढिगात सर्वांत जास्त तेच होते. तिथे सरकारचा हात पोचत नाही. तो जिन्नस घरात आणायचा की नाही, आणला तर केवढ्या पाकिटात, हे किराण्याची यादी करणारी बाईच ठरवते.

तिसऱ्या दिवशी रात्री वलीम्याच्या यादीला बसलो. ओट्यावर खाला, भाईजान, भाभी, दोन पुतणे, नवरा मुलगा आणि मी. अखणी, माशाचे कालवण, तांदळाची भाकरी, गोडाला सांदण, यावर भांडण झाले नाही. ताटांवर झाले.

पुतण्यांचे म्हणणे, चारशे माणसांना यूज अँड थ्रो शिवाय पर्याय नाही. ताटे धुणार कोण, आणि पाणी कुठून आणणार? डिसेंबरात विहिरीला पाणी असते. मेमध्ये लग्न असते तर मी त्यांच्या बाजूने बोलले असते. मी पोफळीच्या विरीची ताटे सुचवली. पोफळीच्या झावळीचा बुंध्याकडचा रुंद, चिवट भाग म्हणजे विरी. तो गळून बागेत पडतो आणि दाबून त्याची ताटे करतात. दापोली-गुहागरच्या बागा पोफळीने भरलेल्या आहेत. पुतण्याने भाव काढला होता. प्लास्टिकपेक्षा महाग पडतात. भाईजान गप्प झाला. लग्नाच्या खर्चात प्रत्येक रुपया त्याच्या जाळ्यातून यायचा आहे.

मग खालाने विचारले, "जमातीची तबके कुठे आहेत?"

जमातीच्या खोलीत देगा, पराती, डावले यांच्याबरोबर मोठी तबके आहेत, कलई उडालेली. पूर्वी वलीमा त्यांतच व्हायचा. एका तबकाभोवती चौघे बसायचे, कापडाच्या दस्तरखानावर. चारशे माणसांना शंभर तबके. शंभर तबके धुवायला चार बायका नकोत, दोन पुरेत, आणि मजुरी ठरवून द्यायची. पाण्याला वीस लिटरचे जार आणि जमातीचेच स्टीलचे पेले. जार परत जातात. हिशेब मी तिथल्या तिथे मांडला. तो प्लास्टिकपेक्षा स्वस्त निघाला, कारण जमातीच्या भांड्यांना भाडे नाही, फक्त हदिया.

नवरा मुलगा म्हणाला, "करोनानंतर लोक एका ताटात खात नाहीत, खाला. मुंबईचे पाहुणे नाक मुरडतील."

त्याचे खोटे नव्हते. खालाने त्याच्याकडे पाहिले आणि बांधाकडे बोट केले. "मग मुंबईवाल्यांची ताटं त्या तिवरात जातील. उद्या सकाळी काढायला तू जाशील की तुझी बायको?" नवी नवरी अजून घरात आलीही नव्हती. सगळे हसले, तो मात्र हसला नाही.

रात्री उशिरापर्यंत बोलणे चालले. शेवटी एवढे ठरले की प्लास्टिकचा दस्तरखान येणार नाही. खालाच्या पेटीत जुने दोन कापडी दस्तरखान निघाले, बाजूंनी विरलेले. आणखी आठ शिवायचे आहेत, मांजरपाटाचे, म्हणजे उकळत्या पाण्यात धुता येतील. गावच्या माणसांना तबके. मुंबईच्या पाहुण्यांसाठी विरीची शंभर ताटे आणावीत असा माझा आग्रह आहे. भाईजान म्हणतो, त्यांच्यासाठी जमातीच्या छोट्या परातीच काढू, प्रत्येकाला एक. छोट्या पराती किती आहेत हे जमातीच्या खोलीची चावी ज्यांच्याकडे आहे ते चाचा रत्नागिरीहून परतल्यावर कळेल. त्यांना फोन केला आहे. मांजरपाट मी चिपळूणहून घेऊन पाठवायचा आहे, वीस मीटर.